व्याख्यानाला जाताना एकच कागद न्या

माझं पहिलं जाहीर व्याख्यान अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला आडवं झालं. विषय छापला होता ‘जागतिक राजकारण आणि भारत’. मी १८१५च्या व्हिएन्ना परिषदेपासून निघाले, दोन महायुद्धं ओलांडली, आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेत थोडी रेंगाळले आणि १९६२चं नाव काढते तोच कार्यवाहांनी टेबलावरून एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर एकच शब्द होता : ‘आवरा’.

ती चिठ्ठी अजून माझ्या डायरीत आहे. निफाड तालुक्यात अठ्ठावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्या काळात आणि निवृत्तीनंतर व्याख्यानमाला, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं अशी बरीच फिरले. आता माझेच विद्यार्थी ठिकठिकाणी प्राध्यापक आहेत आणि त्यांचे फोन येतात : “बाई, परराष्ट्र धोरणावर बोलायला बोलावलंय, काय करू?” फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

विषय आयोजकांचा, प्रश्न तुमचा. आयोजकांना ‘बदलती जागतिक समीकरणे’ असलं काहीतरी हवं असतं. हँडबिलावर ते खुशाल राहू द्या, त्यावरून वाद घालू नका. पण घरी बसून त्यातून एकच प्रश्न काढा. तो असा हवा की त्याच्यामागे एखादा खरा कागद असेल. करार असेल, ठराव असेल, संयुक्त निवेदन असेल, नाहीतर साधी सरकारी अधिसूचना. त्या कागदातला कळीचा परिच्छेद मराठीत करा, झेरॉक्स काढा आणि शंभर प्रती पिशवीत टाका. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संयुक्त निवेदनं, प्रवक्त्यांच्या पत्रकार परिषदा, संसदेतली प्रश्नोत्तरं असं सगळं फुकट मिळतं. टीव्हीवरच्या चर्चा ऐकून तयारी केलीत, तर समोरच्यांनीही त्याच ऐकलेल्या असतात. मग तुमची गरज काय?

लासलगावच्या बाजूला बोलायचं तर मी कांदा घेते. पण तिथे निर्यातशुल्क म्हणजे काय हे समजावायला जाऊ नका. ते लोक तुम्हाला शिकवतील. त्यांना माहीत नसते ती पलीकडची बाजू. २९ सप्टेंबर २०१९ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली. आठवडा उलटायच्या आत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात त्या मुद्दाम हिंदीत बोलल्या. तुम्ही कांदा का बंद केलात ते कळलं नाही, मी तर माझ्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, निदान आधी सांगायचं तरी होतं, असा त्यांचा सूर होता. सभागृह हसलं. पण तक्रार पोचवायची ती पोचली, तीही यजमानांच्या घरात बसून, कुणाचा अपमान न करता. मुत्सद्देगिरी म्हणजे काय याची व्याख्या मी यानंतर सांगत नाही, गरजच पडत नाही. मग पिशवीतला कागद काढते : मार्च २०२४ची विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना. सर्वांसाठी बंदी चालू असताना बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा द्यायला तिच्यात परवानगी आहे. बाजार बंद आणि खिडकी उघडी. ती खिडकी याच दोघांसाठी का उघडली, यावर पुढचा अर्धा तास आरामात जातो.

पण माझा सगळ्यात चाललेला कागद सिंधू पाणीवाटप कराराचा. १९ सप्टेंबर १९६०, कराची. नेहरू आणि अयुब खान यांच्या सह्या, मध्यस्थी जागतिक बँकेची. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे, त्यांवर भारताला मर्यादित वापराची मुभा. ढोबळमानाने पाण्याचा पाचवा हिस्सा आपला. १९६५, १९७१, १९९९ अशी तीन युद्धं या कराराने पचवली. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २३ एप्रिल २०२५ला भारताने तो स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं.

इथे थांबा आणि फळ्यावर दोन शब्द लिहा : ‘रद्द’ आणि ‘स्थगित’. श्रोत्यांना विचारा, सरकारने यातला कुठला वापरला? निम्मे हात चुकीच्या शब्दाला वर होतात. मग कागदातलं कलम १२ कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. दोन्ही सरकारं रीतसर मंजूर झालेला दुसरा करार करून हा संपवत नाहीत, तोवर तो चालू राहील, असं त्यात म्हटलंय. एकट्याने मोडायची वाट कागदात नाही, आणि ‘स्थगित’ हा शब्दही नाही. म्हणून तो निवडला का, की तरीही निवडला? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तुम्ही बोला, पण निकाल देऊ नका. तो घरी जाताना वाटेत लागू दे.

हे व्याख्यान मी एकाच महिन्यात निफाडला आणि पैठणला दिलं. शब्द न् शब्द तोच. निफाडला पहिला प्रश्न आला, “आपल्याकडून वाहणारं पाणी आपण अडवलं तर चुकलं कुठे?” पैठणला पहिला प्रश्न, “वरच्याने अडवलं तर खालच्याने जायचं कुणाकडे?” नकाशा बघा म्हणजे कळेल. निफाड गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठण जायकवाडीच्या काठावर, आणि दुष्काळी वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्हीकडे देशभक्तीत काडीचं अंतर नव्हतं. नदीच्या कुठल्या अंगाला बसलात, एवढाच फरक. त्यानंतर मी कुठल्याही व्याख्यानाआधी ‘हे गाव कशाच्या वर आहे नि कशाच्या खाली’ एवढं शोधून जाते. बंदर असेल तर जहाजं, द्राक्षं असतील तर युरोपचे कीडनाशकांचे नियम, आखातात गेलेली माणसं असतील तर तिथले कामगार कायदे.

शब्दांबद्दल अजून थोडं, कारण आमच्या विषयात शब्द हाच माल. १९६७च्या युद्धानंतर सुरक्षा परिषदेने ठराव २४२ केला. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेश’ या शब्दाआधी निश्चित दर्शवणारं उपपद (‘the’) नाही, फ्रेंच मसुद्यात (‘des’) आहे, आणि त्या तीन अक्षरांवर अर्धशतकाहून जास्त काळ वाद चालू आहे. गंमत अशी की मराठीत उपपदच नाही. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, म्हणजे आपला अनुवाद न मागता तटस्थ होतो. हा किस्सा वर्गात हमखास चालतो. जाहीर सभेत मात्र व्याकरणाच्या शिक्षिका समोर असतील तरच सांगा.

मराठी शब्द वापरा, पण वाकवू नका. राष्ट्रकुलातल्या देशांत आपला ‘उच्चायुक्त’ असतो, बाकीकडे ‘राजदूत’. म्हणजे ढाक्यात उच्चायुक्त, काठमांडूत राजदूत. एवढं चुकलं की शेवटच्या रांगेतला निवृत्त तहसीलदार तुम्हाला सोडत नाही. पाकिस्तानशी ‘नियंत्रण रेषा’, चीनशी ‘प्रत्यक्ष ताबा रेषा’ आणि गुजरात-राजस्थानकडे सरळ ‘आंतरराष्ट्रीय सीमा’. या तिघींना सरसकट ‘बॉर्डर’ म्हणू नका. आणि पेशवाईतल्या राजदूताला आपण ‘वकील’ म्हणत होतो, हे जरूर सांगा. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे पुण्याचे वकील होते. ‘पक्षाच्या वतीने बोलणारा, स्वतःच्या मनाचं न बोलणारा’ हा राजदूताचा धर्म त्या शब्दातच आहे. शिवाजी महाराजांचं नाव नुसतं टाळ्यांसाठी घेऊ नका. घ्यायचं तर १६७४चा राज्याभिषेक घ्या. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील नजराणा घेऊन रायगडावर येतो, सोहळा बघतो, आणि त्याच जूनमध्ये इंग्रजांशी तह ठरतो. सोहळा आणि तह एकाच मांडवात, आजच्या शिखर परिषदांसारखंच.

नकाशा लागतोच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरचा घ्या. इंटरनेटवरून उचललेल्या नकाशांत जम्मू-काश्मीर तुटक रेषांत असतं, आणि आपल्याकडे चुकीच्या सीमांचा नकाशा प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा आहे. एकदा माझ्या स्लाइडवर असाच नकाशा आला. व्याख्यान बाजूला राहिलं आणि पुढची वीस मिनिटं मी खुलासे देत होते. तेव्हापासून स्लाइड नाहीच, फळा आणि खडू. वीज गेली तरी चालतो.

वेळेचं गणित साधं आहे. साठ मिनिटं कबूल झाली तर चाळीस धरा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (तुम्हीच पाठवलेला, तोही चुकीचा वाचलेला), शाल-श्रीफळ आणि मागच्या वर्षीच्या देणगीदारांचे सत्कार यांत बाकीची गेलेली असतात. चाळीसपैकी पंचवीस बोला आणि पंधरा प्रश्नांना ठेवा.

प्रश्नांत तीन पाहुणे ठरलेले. पहिला, तिसरं महायुद्ध होणार का? मी सांगते, भविष्य माझ्याकडे नाही, पण युद्ध थांबवायला कोण बसतं ते सांगू शकते. मग सुरक्षा परिषदेचे पंधरा सदस्य आणि पाच नकाराधिकार दोन मिनिटांत. दुसरा पाहुणा प्रश्न विचारतच नाही, भाषण करतो. त्याला तोडू नका. श्वास घेईल तिथे “म्हणजे तुमचा प्रश्न असा” म्हणून आपल्याला हवा तो प्रश्न त्याच्या नावावर टाका. खूश होतो. तिसरा, पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधवांचं काय झालं? हा प्रश्न महाराष्ट्रात मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तर तंतोतंत द्या. १७ जुलै २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ अशा मतांनी सांगितलं की पाकिस्तानने वाणिज्यदूत संबंधांच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ (अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क) मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये. सुटका करा, असं मात्र सांगितलं नाही. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेतली, यावर टाळ्या पडतात. पडू द्याव्यात, पण ‘जिंकलो’ म्हणून तिथेच थांबू नये. ऐकणाऱ्याला अर्धवट आनंद देऊन पाठवणं मला पटत नाही.

वर्गात शिकवत असाल तर एक खेळ करा. २ मार्च २०२२, युक्रेनवरच्या, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या ठरावाचं मतदान. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. मुलांना एकूण १९३ सदस्य देशांतून ही बेरीज वजा करायला लावा. १२ उरतात. ते कोण? गैरहजर. भारत ३५मध्ये होता. मग विचारा, हात वर न करणं आणि खोलीतच न येणं यात फरक काय? एका वर्षी एक मुलगी म्हणाली, “बाई, लग्नाला जाऊन न जेवणं आणि लग्नालाच न जाणं.” तेव्हापासून मी तटस्थतेची व्याख्या हीच देते. तिचं नाव सांगूनच देत असते, इथे लिहीत नाही इतकंच.

प्रती वाटल्यात तर परत गोळा करू नका. पैठणच्या त्या व्याख्यानानंतर आभारप्रदर्शन चालू असताना एक म्हातारे शेतकरी स्टेजजवळ आले. कलम १२ त्यांनीच वाचलं होतं. कागदाची चौघडी करून बंडीच्या खिशात ठेवत म्हणाले, “मॅडम, आमच्या जायकवाडीच्या पाण्याचा पण असा कागद असतो का?” मी म्हटलं, असतो, २००५चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, आणि गंमत म्हणजे तिथेही बघायचं कलम १२च. त्यांनी माझ्याच डायरीत पत्ता लिहून दिला, चिठ्ठीच्या समोरच्या पानावर. सोमवारी पोस्टाने प्रत पाठवली.