युरोपला द्राक्षं पाठवताय? मग पनेटचीही फाइल तयार ठेवा

फवारणीच्या औषधांच्या अवशेषांची तपासणी नाशिक-सांगलीच्या निर्यातदारांच्या अंगवळणी पडली आहे. आता डब्याचीही, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या पनेटचीही, झाडाझडती होणार. युरोपीय संघाचा पॅकेजिंग नियम (२०२५/४०) १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो. म्हणजे २०२७ चा हंगाम पहिल्या खोक्यापासून त्याच्या कक्षेत.

आधी डब्यावर नाव कोणाचं ते बघा. तुमचा स्वतःचा ब्रँड असेल तर नियमाच्या भाषेत 'उत्पादक' तुम्हीच. अनुरूपतेचं घोषणापत्र (पॅकेजिंग नियमात बसतं अशी लेखी हमी) आणि त्याच्या पुराव्यांची तांत्रिक फाइल तुमच्या गळ्यात. सुपरमार्केटच्या नावाने माल भरत असाल तर ही जबाबदारी त्यांची, पण माहिती तुमच्याकडेच मागतील.

मग एक भरलेला खोका सुटा करा. पनेट, झाकण किंवा फिल्म, लेबल, पाउच, पुठ्ठा, पट्टी: प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, प्लास्टिकचा प्रकार आणि पुरवठादार लिहा. पॅलेटवरची स्ट्रेच फिल्म हमखास विसरली जाते. शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम मिळून किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असल्याचा पुरावा प्रत्येक भागासाठी हवा. रंगीत शाईकडे जास्त लक्ष द्या. एकदाच वापरायच्या पॅकेजिंगची कागदपत्रं ५ वर्षं जपावी लागतात.

प्लास्टिक नको म्हणून कागदी लगद्याचं पनेट घेणारे इथे फसू शकतात. ओल लागू नये म्हणून त्यावर फ्लोरिनयुक्त रसायन मारलेलं असू शकतं, आणि अन्नाला लागणाऱ्या पॅकेजिंगमधल्या पीफासवर (अशाच फ्लोरिनयुक्त रसायनांचा गट) त्याच ऑगस्टपासून मर्यादा आहे. पुरवठादाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आधी एकूण फ्लोरिनची चाचणी करा, ती तुलनेने स्वस्त पडते. आकडा किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या वर गेला तर तो फ्लोरिन कुठून आला याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. ऑर्डर देण्याआधीच नमुना लॅबला पाठवा. माल गोदामात आल्यावर हात बांधलेले असतात.

खरा प्रश्न १ जानेवारी २०३० चा आहे. त्या दिवसापासून दीड किलोच्या आतल्या ताज्या फळांना एकदाच वापरायचं प्लास्टिक पॅकेजिंग बंद, म्हणजे अर्धा किलोचं पनेटही त्यात आलं. फळातलं पाणी कमी होणं, आपटणं, बुरशी अशा कारणांसाठी सदस्य देश सूट देऊ शकतात, पण ती देशागणिक वेगळी असेल. त्यामुळे आज नव्या प्लास्टिक पनेटच्या साच्यात मोठा पैसा घालू नये, असं आमचं स्पष्ट मत. सूट मिळाली तरी अन्नाला लागणाऱ्या पेट (PET) प्लास्टिकच्या पॅकेजिंगमध्ये ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक लागेल, आणि ते ग्राहकाने वापरून टाकलेल्या मालातलंच. कारखान्यातली कात्रणं त्यात धरत नाहीत. काळा रंगही टाळा, कार्बन ब्लॅक असलेलं प्लास्टिक वर्गीकरण यंत्राच्या इन्फ्रारेड किरणांना ओळखता येत नाही.

डाळिंब-आंब्याला स्टिकर लावणाऱ्यांची तारीख याहून आधीची आहे: १२ फेब्रुवारी २०२८ पासून फळावरचं स्टिकर औद्योगिक कंपोस्टमध्ये कुजणारंच हवं, गोंदासकट.