अल्झायमर असलेल्या घरी सोबतीला जाण्याआधी

कॉलेजं सुरू झाली की आमच्या पुण्यातल्या गटात नवी मुलं येतात. काम सांगायला सोपं आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दोन तास अल्झायमर झालेल्या आजींसोबत किंवा आजोबांसोबत बसायचं. तेवढ्या वेळात त्यांना रात्रंदिवस सांभाळणारी बायको, सून, मुलगा, जो कोणी असेल तो घराबाहेर पडू शकतो. ही यादी त्या नव्या मुलांसाठी आहे. वेळेवर जा, चपला बाहेर काढा, मोबाइल सायलेंटवर ठेवा, हे मी सांगत बसत नाही. सगळ्यात वर एकच गोष्ट लिहून ठेवा: तुमच्या परीक्षांचं वेळापत्रक. खाली ते पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी दर वेळी वाचा.

गेल्या वर्षी नेमकं तेच राहून गेलं. एका घरी जाणारी दोन मुलांची जोडी एकाच वर्गातली होती. सत्र परीक्षा जवळ आल्या आणि दोघंही एकदम थांबली. घरी कुणी कळवायचं हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं. तिथल्या पेशंटना सांभाळणाऱ्या काकूंनी त्या गुरुवारी स्वतःची डोळ्यांची तपासणी ठेवली होती, कितीतरी महिने पुढे ढकललेली. त्या साडी बदलून, पर्स घेऊन तासभर दाराशी थांबल्या आणि मग त्यांनी दवाखान्यात फोन करून येत नसल्याचं सांगितलं. मुलं वाईट नव्हती, तयारी कच्ची होती.

म्हणून पहिल्या भेटीच्याही आधी कागद घेऊन बसा आणि पुढच्या सहा महिन्यांचे वार मांडा. अंतर्गत चाचण्या, सबमिशन, जर्नल पूर्ण करायचा आठवडा, तोंडी परीक्षा, सत्र परीक्षा, दिवाळीला गावी जाणं, मावसभावाचं लग्न, सगळं. तारीख जाहीर झाली नसेल तर अंदाजे महिना लिहा. ढोलपथकात असाल तर ते आत्ताच सांगा. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी सराव असतो आणि या घरांना सर्वांत जास्त गरज संध्याकाळीच असते. पथकात वाजवू नका असं मी म्हणत नाही. दुपारची वेळ घ्या, किंवा गणपतीनंतर या, पण मधूनच गायब होऊ नका. जोडी लावताना दोघं वेगवेगळ्या शाखांची घ्या, एक वाणिज्यचा आणि एक अभियांत्रिकीचा, म्हणजे दोघांच्या परीक्षा सहसा एका आठवड्यात येणार नाहीत. प्रत्येक घरामागे तिसरा बदलीचा माणूस हवा, आणि तो त्या घरी आधी दोन-तीनदा येऊन बसलेला हवा. ऐन वेळी पाठवलेला अनोळखी मुलगा म्हणजे बदली नव्हे. त्याला बघून आजोबा दार उघडणार नाहीत, आणि काकू त्यांना त्याच्यावर सोपवून जाणार नाहीत. मांडलेल्या वेळापत्रकाची एक प्रत त्या घरी द्या, फ्रिजवर लावायला सांगा, खाली आपल्या गटाच्या समन्वयकाचा नंबर लिहा.

एनएसएसचे, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे, तास भरायला येणाऱ्यांना वेगळं सांगते. वर्षाला १२० तास भरायचे असतात हे मला माहीत आहे आणि त्यात काही गैर नाही. पण तुमचे तास भरले म्हणून त्या घराची गरज संपत नाही. तास कधी भरतील तेही वेळापत्रकात लिहा.

आता आजाराबद्दल थोडं. डॉक्टर व्हायची गरज नाही, पण घरात पाऊल टाकण्याआधी काही गोष्टी पक्क्या हव्यात. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, ही लक्षणांची मोठी छत्री, आणि तिच्याखालचा सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे अल्झायमर. १९०६ साली जर्मनीत डॉ. आलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्ण बाईंबद्दल पहिल्यांदा सांगितलं, त्या ऑगस्टे डेटर, दवाखान्यात आल्या तेव्हा पन्नाशीच्या जेमतेम पुढे होत्या. त्यामुळे ‘वय झालं की होतंच’ हे वाक्य तुम्ही तरी म्हणू नका. वयाबरोबर धोका वाढतो, पण हा मेंदूचा आजार आहे. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं, असा राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. यातली बहुतेक माणसं घरीच असतात आणि त्यांना घरातलीच माणसं सांभाळतात. साधारणपणे आधी जाते ती अलीकडची आठवण. सकाळी जेवलो का हे आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळेतल्या बाकाची जागा आठवते. तुमचं नाव त्यांना आठवणार नाही, ते मनाला लावून घेऊ नका. पण तुमच्यासोबत बरं वाटलं होतं, ही भावना नाव विसरल्यावरही मागे राहू शकते. तीच माणसं त्याच वारी यायला हवीत ती यासाठी, आणि वेळापत्रक हवं तेही यासाठीच.

पहिली भेट घरच्यांशी करा, समन्वयकाला घेऊन. पेशंटसमोर त्यांच्याबद्दल ‘यांना काही कळत नाही’ अशी चर्चा होऊ देऊ नका. त्यांना बरंच कळतं. शक्य असेल तर काकूंशी स्वयंपाकघरात बोला आणि एक पानभर माहिती लिहून घ्या. घरात त्यांना काय म्हणतात: अण्णा, भाऊ, माई, अक्का? त्याच नावानं हाक मारा. लहानपणी कुठली भाषा बोलत? आयुष्यभर पुण्यात मराठी बोललेली बाई या आजारात माहेरच्या कन्नडवर किंवा कोकणीवर परत जाऊ शकते, मग चार शब्द तुम्ही शिका. नोकरी काय होती? चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आहे का आणि कुठे ठेवलेली असते? हे फार महत्त्वाचं आहे, कारण नीट ऐकू येत नसलं की गोंधळ दुप्पट होतो आणि आपण तो आजाराच्या नावावर टाकतो. साखर आहे का? घास अडकतो का, पाणी पिताना ठसका लागतो का? शौचाला जायचं असेल तर ते कसं सांगतात, की नुसते उठून फेऱ्या मारतात? संध्याकाळी किती वाजता अस्वस्थ होतात? दाराची कडी वर आहे की खाली? शेजारचं कोण मदतीला येईल?

आणि एक प्रश्न विचारायला मुलं लाजतात, तो विचाराच. आजोबा गेले आहेत, पण आजी रोज विचारतात, ‘हे कुठे गेले?’ तेव्हा घरचे काय उत्तर देतात? दर वेळी ‘ते वारले’ असं सांगितलं तर आजी दर वेळी नव्यानं विधवा होतात. काही घरी ‘कामाला गेलेत’ म्हणतात, काही घरी विषय आजोबांच्या आठवणीकडे नेतात: ‘त्यांना चहा कसा लागायचा हो?’ घराची जी रीत असेल ती धरा. तुमचं सत्यवचन त्या क्षणी कुणाच्याही कामाचं नाही.

शेवटी काकूंना विचारा, दोन तास मिळाले तर काय करणार. बँक, पार्लर, देऊळ, नुसती झोप, काहीही चालेल. त्या म्हणतील, ‘मी बसते ना इथेच, तुम्ही बोला.’ पहिल्या एक-दोन वेळा बसू द्या, मग प्रेमानं बाहेर काढा. त्या घराबाहेर पडल्या नाहीत तर आपल्या जाण्याचा अर्धा उपयोग वाया जातो. आणि त्या ज्या दिवसांचं काही ठरवतील, त्यातला एकही तुमच्या परीक्षेच्या आठवड्यात येत नाही ना, हे तिथेच फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवून बघा.

प्रत्यक्ष बसताना समोरून या, मागून खांद्याला हात लावू नका. दर वेळी नाव सांगा. ‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न कायमचा बंद. ती परीक्षा असते, आणि त्या माणसाला आपण नापास झाल्याचं चांगलं कळतं. एका वेळी एकच प्रश्न, छोटं वाक्य, मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, तुम्ही मधेच दुसरा प्रश्न टाकलात की आधीचाही निसटतो. एकच गोष्ट वीसदा विचारली तर वीसदा उत्तर द्या, आवाज न चढवता.

वाद घालू नका. एका घरी एसटीत कंडक्टर असलेले आजोबा पाच वाजले की शर्टाची बटणं लावायला लागायचे, ‘गाडीची वेळ झाली.’ सून सांगायची, ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात,’ की ते चिडायचे, दार ओढायचे. आमच्यातल्या एका मुलीनं एके दिवशी विचारलं, ‘कुठली गाडी, अण्णा?’ ते म्हणाले, ‘भोर.’ ती म्हणाली, ‘मग चहा घेऊन निघू.’ चहा झाला, सोसायटीच्या फाटकापर्यंत दोघं चालत गेले. वाटेतले थांबे त्यांनी एकेक करून सांगितले, आणि परत येऊन ते शांत बसले. ती ना खोटं बोलली, ना तिनं त्यांना खोटं पाडलं. संध्याकाळची ही अस्वस्थता या आजारात पुष्कळांना होते. त्या वेळेआधीच दिवे लावा, टीव्हीवरच्या बातम्या बंद करा, पाणी द्या, शौचाला जायचं आहे का बघा.

हाताला काम द्या, पण करमणूक म्हणून लहान मुलांचे ठोकळे पुढे ठेवू नका. शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, रुमालाच्या घड्या, वाती वळणं. बोलणं जवळजवळ थांबलेल्या आजींपुढे कापूस ठेवला तेव्हा त्यांनी आधी तो बोटांनी पिंजला, सरकी राहिली नाही ना हे चाचपलं, मग तळहातावर वळून वात केली आणि माझी वात बघून ती काढून घेतली, उलगडून पुन्हा वळली. हातांची सवय आणि गाणं उशिरापर्यंत टिकतं. हरिपाठ, पसायदान, पाढे, जुनी नाट्यगीतं, घरच्यांना विचारून जे त्यांचं होतं ते आणा. तुमच्या आवडीचं नको. बिया, मणी, बटणं यांवर लक्ष ठेवा, तोंडात जाऊ शकतात.

काय करायचं नाही ते ऐका, इथे मी सूट देत नाही. औषध द्यायचं नाही, डबी भरून ठेवलेली असली तरी. घरच्यांना न विचारता काही खायला द्यायचं नाही. पेढा नाही, बिस्किटही नाही. आंघोळ घालणं, कपडे बदलणं आपलं काम नाही. तशी वेळ आली तर काय करायचं, ते घरच्यांशी आधीच ठरवा. पैसे, दागिने, कपाटाच्या किल्ल्या यांना हात लावायचा नाही. ‘माझ्या पाटल्या चोरल्या’ हा आरोप या आजारात अगदी नेहमीचा आहे, तो तुमच्यावरही येईल. तेव्हा सफाई देत बसू नका, ‘चला, शोधू या’ म्हणा. एकट्यानं जायचं नाही, जोडीनंच. आणि फोटो नाही, रील नाही, स्टेटस नाही, पाठमोरासुद्धा नाही. ज्यांना हो-नाही नीट सांगता येत नाही त्यांचं तोंड आपण जगाला दाखवायचं नसतं. घरचे हो म्हणाले तरी नाही.

अडचणीच्या वेळेचं आधी ठरवा. आजोबा दाराबाहेर गेले तर एकानं मागे जायचं, दुसऱ्यानं लगेच घरच्यांना आणि समन्वयकाला फोन करायचा. दहा मिनिटं आपणच शोधू, असं नाही. सापडले नाहीत तर ११२. त्यांचा अलीकडचा फोटो आणि अंगावरच्या कपड्यांचं वर्णन हाताशी असावं, तेवढ्यापुरताच तो फोटो. पडले तर ओढून उठवू नका, १०८ ला फोन करा. गेल्या आठवड्यापेक्षा अचानक फार गोंधळलेले, फार सुस्त वाटले तर ‘आजार वाढला’ असं ठरवून गप्प बसू नका. लघवीच्या जागेचा साधा जंतुसंसर्गसुद्धा असं करू शकतो. घरच्यांना त्याच दिवशी सांगा, डॉक्टरांना दाखवायला सांगा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, तो नंबर फ्रिजवर वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवा. वेळापत्रक अजून फ्रिजवर आहे ना? तारखा बदलल्या असतील तर नवं लावा.

निघताना काकूंना दोन वाक्यांत काय झालं ते सांगा: काय खाल्लं, झोपले का, चिडले का. वहीत तारीख घालून लिहा, बदलीच्या माणसाला तीच कामी येते. सांभाळणारं माणूस फार खचलेलं दिसलं, किंवा अंगावर हात टाकल्याची शंका आली, कुणाकडूनही, तर स्वतः न्यायनिवाडा न करता त्याच दिवशी समन्वयकाला सांगा. तुम्हालाच जड जात असेल तर तेही सांगा, दुसरं घर देता येतं.

थांबणार असाल तर महिनाभर आधी. नव्या जोडीला बरोबर घेऊन किमान दोनदा जा, वही द्या, माहितीचं पान द्या, त्यांच्या परीक्षांच्या तारखा फ्रिजवरच्या कागदावर तुमच्यासमोर लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सॉरी काकू, एक्झाम आहे’ हा निरोप नव्हे.

आणि घरातलं माणूस गेलं तर भेटायला जा, रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल. त्यानंतरचे एक-दोन गुरुवारही जा, काकूंकडे. ते वारही आधी लिहून ठेवा.