संडेस्कूलसाठी शिक्षक घेताना या चुका टाळा

एप्रिल संपत आला की फोन सुरू होतात. "बाई, सोमवारपासून व्हीबीएस आहे, शिकवणारे कमी पडून राहिले. दोन पोरं मिळाली, लावून देऊ?" व्हीबीएस म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत भरणारी मुलांची बायबल शाळा. शिकवणारी पोरं कोण, कुठली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "चांगली आहेत, विश्वासातली आहेत." यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांतल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये मी 22 वर्षं मुलांचं काम, म्हणजे संडेस्कूलचे रविवारचे बायबल वर्ग वगैरे, पाहते आहे. चुका त्याच त्या होतात आणि भोगतात लेकरं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्रावर आणि ओळखीवर विसंबणं.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीत बाहेरगावचा एक तरुण आला. कृषी केंद्रात नोकरीला होता, पेटी सुरेख वाजवायचा आणि मुलं सतत त्याच्याभोवती असायची. तिसऱ्याच रविवारी पाळकांनी (पास्टरनी) नाताळच्या गाण्यांची तयारी त्याच्याकडे सोपवली. प्रॅक्टिस रात्री आठनंतर व्हायची. दिवसभर कापूस वेचून थकलेल्या आईबापांना तेवढाच आधार वाटायचा. मी चौकशी केली तेव्हा पाळकांनी दोन कागद पुढे ठेवले: पोलीस पाटलाचा दाखला आणि आधीच्या मंडळीचं पत्र. पत्रात 'मंडळीचा सभासद, उपासनेला नियमित' एवढंच होतं. मुलांसोबत कधी काम केलं का, कसं केलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पत्राखालच्या नंबरावर मी फोन लावला. तिथले पाळक त्याच्या पेटीबद्दल भरभरून बोलले. मग मी विचारलं, "तुमची नातवंडं याच्यासोबत एकटी पाठवाल का?" ते गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नाही पाठवणार. एका आईची तक्रार होती. गवगवा नको म्हणून आम्ही त्याला दुसरीकडे जायला सांगितलं."

तिथं गुन्हाच नोंदवला नव्हता, मग कुठल्या दाखल्यात तो दिसणार होता? त्याच संध्याकाळी त्याला मुलांच्या कामातून काढायला लावलं आणि जे कानावर आलं ते मी मुलांच्या हेल्पलाइनवर, 1098 वर कळवलं. मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद माझ्यावर चिडले. "अवो बाई, पोराचं नाव खराब होईन न!" मी त्यांना सांगितलं, त्याला उपासनेला यायला कोणी अडवलेलं नाही, पण मुलांचा वर्ग हा कोणाचा हक्क नाही.

तेव्हापासून मी पत्र फक्त फाईलला लावते, भरवसा फोनवर ठेवते. आधीच्या प्रत्येक ठिकाणी दोन फोन करते. त्यातला एक तिथल्या संडेस्कूलच्या बाईला, आणि तिचं नाव मी शोधते, उमेदवारानं दिलेलं घेत नाही. प्रश्न तोच, नातवंडांचा. अर्जात मागच्या पाच वर्षांत राहिला ते सगळे पत्ते लिहायला लावते. शिवाय सहा महिने मंडळीत नियमित आल्याशिवाय कोणालाच वर्ग देत नाही, पाळकांच्या भाच्यालाही नाही. या सहा महिन्यांवर कुरकुर करणारे मला हमखास भेटतात. ज्याला एवढी घाई आहे त्याला मी सतरंज्या अंथरायला लावते आणि थांबायला सांगते.

पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला म्हणजे पोलिस व्हेरिफिकेशन नव्हे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो, सेतूवाला भरून देतो. एकदा काढलेला कागद जन्मभर चालवू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या 2020 च्या नियमांनी मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पडताळणी ठरावीक काळानं करायला सांगितली आहे, आणि प्रशिक्षणही. "आमचे शिक्षक बिनपगारी, आम्हाला कशाला नियम?" असं ऐकलं की मला राग येतो. नियमात शब्द कर्मचाऱ्यांचा आहे हे खरं, पण समोर बसलेल्या लेकराला पगारी आणि बिनपगारी यातला फरक काय कळतो?

दुसरी चूक मला पहिलीहून जास्त छळते: "आधी आपण आपसात चौकशी करू."

एका गावात नऊ वर्षांच्या मुलीनं आपल्या शिक्षिकेला काहीतरी सांगितलं. शिक्षिकेनं पाळकांना, पाळकांनी पंच कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना. रविवारी उपासनेनंतर पाच पुरुषांसमोर त्या मुलीला उभं केलं. ज्याच्याबद्दल ती बोलली होती तोही तिथंच बसलेला. "सांग बेटा, खरं सांग." ती काहीच बोलली नाही. कमिटीनं लिहिलं, 'तथ्य आढळले नाही.' मला कळलं तोवर आठ दिवस गेले होते. पोलिसांत कळवलं, पुढं तपासही झाला, पण त्या रविवारनंतर ती मुलगी चर्चच्या पायरीवर पाय ठेवायला तयार नव्हती.

2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 प्रत्येक माणसाला लागू आहे. गुन्हा झाल्याची माहिती असो की होण्याची भीती, पोलिसांना कळवायचंच. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला त्याच कलमात संरक्षण आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत. हे दिल्ली-मुंबईचं वाटत असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण आठवा. तिथल्या शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर त्यांच्यावरचा अत्याचार पोलिसांना न कळवल्याचा आरोप होता. नागपूर खंडपीठानं तो रद्द केला होता, पण 2 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं खंडपीठाचा निकाल फिरवला आणि न कळवणं हाच गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं.

आईबाप घाबरतात ते ठाण्याला, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवा: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, अंगावर वर्दी नसते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. शिक्षकांना मी तीनच गोष्टी घोकून घेते. ऐका, "तुझी काही चूक नाही" म्हणा, आणि मुलाचेच शब्द त्याच दिवशी वहीत उतरवून कळवा. खोदून विचारू नका. नाव मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं तर त्या लेकरावर दुसरा घाव होतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रॅक्टिसनंतर एकट्या मुलाला गाडीवर बसवून सोडणं बंद करा, उशीर होत असेल तर प्रॅक्टिस उजेडात घ्या. वर्गावर नेहमी दोन मोठी माणसं, नात्यातली नसलेली, आणि दार उघडं. मे महिन्यात उकाड्यामुळे मुलं चर्चमागच्या विहिरीकडे पळतात, तिथं एक माणूस ठरवून बसवा. बाहेरून आलेल्या पाहुण्या वक्त्यालाही हेच नियम, तो कितीही मोठा असो.

प्रशिक्षणाचं एक राहिलं. जूनमध्ये एकदा व्हिडिओ दाखवला की झालं, असं समजणाऱ्या मंडळ्या पुष्कळ आहेत. मी दर तीन महिन्यांनी शिक्षकांना समोरासमोर बसवते. एक जण मूल होतो, दुसरा शिक्षक, आणि मूल काहीतरी अवघड सांगतं. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या तोंडून "असं कसं होईल?" हेच निघतं. ते निघायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेते. एवढ्याला वेळ लागतो, म्हणून मेच्या शाळेत शिकवायचं असेल तर नाव सप्टेंबर संपण्याआधी द्या.