काउंटीच्या महिला संघाचा इतिहास कसा लिहावा: केंटच्या उदाहरणासह

इंग्लंडमधल्या एखाद्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, महिला क्रिकेट संघाचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण येते ती संघाच्या नावाची. धावा, बळी, तारखा हे सगळं शोधता येतं. पण त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणी नेमक्या कोणत्या संघाच्या होत्या, हे चुकलं तर पुढची सगळी बेरीज चुकते. पुरुषांच्या काउंट्यांमागे क्लब आहे, मैदान आहे, वार्षिक अहवाल आहेत. महिलांचे संघ मात्र काही काळ संघटनेच्या आधारावर चालले, कधी शेजारच्या काउंटीबरोबर जोडले गेले, पुढे विभागांत विरघळले आणि परत काउंटीच्या नावावर आले. म्हणून आधी कालखंडांची चौकट आखा आणि मगच धावफलक उघडा.

चौकटीचे टप्पे असे पडतात. १९२६ मध्ये विमेन्स क्रिकेट असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्या दशकात तिच्या छायेत काउंटी संघटना उभ्या राहिल्या. १९८० पासून एरिया चॅम्पियनशिप, म्हणजे विभागवार संघांची स्पर्धा, सुरू झाली. १९९७ ते २०१९ ही काउंटी चॅम्पियनशिपची वर्षं. मधेच, १९९८ मध्ये, असोसिएशन इंग्लंडच्या क्रिकेट मंडळात विलीन झाली. २०२० ते २०२४ हा विभागीय संघांचा काळ, आणि २०२५ पासून पुन्हा काउंट्या, पण श्रेणींमध्ये वाटलेल्या. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं पान ठेवा. दोन टप्प्यांचे आकडे एका रकान्यात कधीही मिसळू नका.

आता नोंदवही. एक्सेलमध्ये प्रत्येक सामन्याला एक ओळ द्या आणि किमान नऊ रकाने करा: तारीख, मैदान, छापलेलं संघाचं नाव, आपण ठरवलेला संघ, प्रतिस्पर्धी, स्पर्धा, षटकांची मर्यादा, निकाल, आधार. तिसरा आणि चौथा रकाना वेगळा ठेवणं सर्वांत महत्त्वाचं. वर्तमानपत्रात 'केंट' छापलं असेल तर तिसऱ्यात तसंच लिहा. तो खरोखर काउंटीचा निवडलेला संघ होता की केंटमधल्या एखाद्या क्लबचा, हे तपासल्यावरच चौथा भरा. खात्री नसेल तर चौथा रिकामा ठेवा. अंदाजाने भरलेला रकाना सहा महिन्यांनी खुद्द आपल्यालाच खरा वाटायला लागतो.

मैदानावरून संघ ठरवायचा मोहही टाळा. असोसिएशनचा पहिला जाहीर सामना १९२९ मध्ये बेकनममध्ये झाला. बेकनम तेव्हा केंटमध्ये होतं, पण खेळले ते लंडन व परिसराचा संघ आणि उर्वरित इंग्लंड. केंटच्या महिला संघाच्या खात्यात हा सामना जात नाही. शिवाय १९६५ मध्ये बेकनम ग्रेटर लंडनमध्ये गेलं, तरी केंटचं क्रिकेट तिथे आजही होतं. म्हणजे नकाशावरची हद्द आणि क्रिकेटमधली काउंटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मैदानाच्या रकान्यात नुसतं गाव लिहा, काउंटी लिहू नका.

सुरुवात कुठून धरायची, यावर बरेच लेख घसरतात. महिलांचा सर्वांत जुना ज्ञात सामना २६ जुलै १७४५ चा आहे. सरेमध्ये गिल्डफर्डजवळच्या गॉझ्डन कॉमनवर ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन या दोन गावांच्या मुली खेळल्या. सगळ्या पांढऱ्या पोशाखात होत्या, ब्रॅम्लीच्या निळ्या फिती, हॅम्बल्डनच्या लाल. हॅम्बल्डनने १२७ धावा केल्या, ब्रॅम्लीने ११९. इथे दोन खड्डे आहेत. हे हॅम्बल्डन सरेमधलं गाव आहे, हॅम्पशरमधल्या प्रसिद्ध क्लबचं गाव नव्हे. आणि १७५२ पूर्वीची तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, ती जशी छापली तशीच ठेवायची, आजच्या कॅलेंडरनुसार बदलायची नाही. पुढे १८११ मध्ये सरे विरुद्ध हॅम्पशर असा महिलांचा सामना लंडनजवळ बॉल्स पाँडला झाला. काउंटीच्या नावाने झालेला महिलांचा हा पहिला सामना. पण तो पैजेसाठी जमवलेला होता. आजच्या सरे किंवा हॅम्पशर महिला संघाची वंशावळ तिथपर्यंत नेता येत नाही. ही माहिती 'पूर्वपीठिका' म्हणून स्वतंत्र द्या. संघाचा इतिहास तिथून सुरू करा, जिथून संघटना, निवड आणि सलग सामने दिसतात.

केंटपुरती आणखी एक गोष्ट हमखास समोर येईल: ख्रिस्तियाना विल्सची. भाऊ जॉन विल्स याला सराव देताना तिचा घेरदार झगा आड यायचा, म्हणून तिने हात बाजूने फिरवून चेंडू टाकला आणि राउंड-आर्म गोलंदाजी जन्माला आली, अशी ही कथा. यातला पक्का धागा भावाचा आहे. १८२२ मध्ये लॉर्ड्सवर केंटकडून एमसीसी या लॉर्ड्सच्याच क्लबाविरुद्ध खेळताना त्याच शैलीसाठी जॉन विल्सला नो-बॉल दिला गेला आणि तो मैदान सोडून गेला. राउंड-आर्मला नियमाने मान्यता मिळाली ती १८३५ मध्ये. बहिणीचा भाग मात्र आख्यायिका म्हणूनच लिहावा, कारण कथेतले आतून गोल कडी लावून फुगवलेले घेरदार झगे त्या काळात फॅशनमधून गेलेले होते. कथा गाळू नका, ती केंटची आहे आणि गोड आहे. फक्त वाक्यात 'असं सांगतात' हवं.

साधनांकडे वळू. १९३० नंतरच्या काळासाठी असोसिएशनचं 'विमेन्स क्रिकेट' हे मासिक पहिलं हाती घ्या. मार्जरी पोलार्ड यांनी ते १९३० मध्ये सुरू केलं आणि १९६७ पर्यंत ते निघालं. त्यानंतर स्थानिक वर्तमानपत्रं: ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर पैसे भरून ती घरबसल्या वाचता येतात, पुण्यात बसून असो की न्यू जर्सीत. शोधताना नुसतं संघाचं नाव टाकू नका. जुन्या बातम्यांत 'लेडीज क्रिकेट' असा मथळा असतो, कधी फक्त गावाचं नाव असतं. त्यामुळे प्रत्येक हंगामासाठी मे ते सप्टेंबर एवढी मर्यादा घालून तीन-चार वेगवेगळे शब्द टाकून पाहा. शनिवारचा सामना साप्ताहिकात पुढच्या शुक्रवारी छापला जायचा. अंकाची तारीख ती सामन्याची तारीख, असं धरलं की सहा दिवसांची चूक होते आणि तोच सामना दोनदा नोंदला जातो. धावफलकांसाठी क्रिकेटआर्काइव्ह हे संकेतस्थळ, आणि कागदपत्रांसाठी मेडस्टोनचं केंट हिस्टरी अँड लायब्ररी सेंटर व लॉर्ड्सवरचं एमसीसीचं ग्रंथालय.

धावफलक उतरवला की लगेच ताळा करा. समजा एकूण धावा १४२ आहेत, त्यात अवांतर ११: बाय ४, लेगबाय ३, वाइड ३, नो-बॉल १. फलंदाजांच्या धावांची बेरीज १३१ यायला हवी. गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज आजच्या पद्धतीने १३५ येईल, कारण वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात. पण साधारण १९८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा धावफलक असेल तर ती १३१ येईल. हा चारचा फरक म्हणजे छपाईची चूक नव्हे. तो 'दुरुस्त' करण्याच्या नादात चांगले आकडे बिघडतात. बळींचाही ताळा घ्या: पडलेल्या गड्यांतून धावबाद वजा केले की गोलंदाजांच्या बळींची बेरीज आली पाहिजे.

नावांची गाठ सोडवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. लग्नानंतर आडनाव बदललं की एकाच खेळाडूच्या दोन कारकिर्दी तयार होतात. रेचल हेहो १९७१ नंतर हेहो फ्लिंट झाल्या, कॅथरिन ब्रंट अलीकडे सिव्हर-ब्रंट. प्रत्येकीला एक क्रमांक द्या आणि नावं त्या क्रमांकाखाली लिहा. 'मिस' आणि 'मिसेस' ही उपपदं नोंदीतून काढू नका. लग्न कोणत्या हंगामांच्या दरम्यान झालं, ते त्यांवरून कळतं.

कारकीर्द संघनिहाय तोडावी लागते. शार्लट एडवर्ड्स केंटची म्हणून ओळखली जाते, पण आधी ती ईस्ट अँग्लियाकडून खेळली. १९९६ मध्ये सोळाव्या वर्षी तिने इंग्लंडकडून पदार्पण केलं ते केंटची होण्याआधी. एरिया चॅम्पियनशिपमध्ये 'लँकशर आणि चेशर' असा जोडसंघही होता. त्याच्या धावा लँकशरच्या खात्यात टाकल्या तर चेशरवर अन्याय होतो.

विजेतेपदांच्या यादीत केंटचं काम सरळ आहे आणि अभिमानाचं आहे. काउंटी चॅम्पियनशिप २००६, २००७, २००९, २०११, २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९. चौदा हंगामांत आठ, आणि स्पर्धेचं शेवटचं वर्षही त्यांचंच. एडवर्ड्सबरोबर लिडिया ग्रीनवे, लॉरा मार्श, टॅमी ब्युमाँट ही नावं याच काळातली. या प्रकरणाला सढळ हाताने जागा द्या.

नंतरच्या काळात मात्र फार जपून. २०२१ मध्ये शार्लट एडवर्ड्स कप सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी साउथ ईस्ट स्टार्सनी तो जिंकला. कपाला नाव केंटच्या कर्णधाराचं, संघात केंटच्या मुली, तरी ते केंटचं विजेतेपद नाही, कारण स्टार्स हा सरे आणि केंट मिळून केलेला विभागीय संघ होता. मराठी वाचकांना ओळखीची दोन उदाहरणंही अशीच अडकतात, जरी ती विभागीय काळाच्या थोडी आधीची, सुपर लीग या वेगळ्या टी-२० स्पर्धेतली आहेत. सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१८ मध्ये ६१ चेंडूंत १०२ केल्या त्या वेस्टर्न स्टॉर्मकडून, समरसेटकडून नव्हे. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जचं २०१९ मधलं ५८ चेंडूंतलं नाबाद ११२ यॉर्कशर डायमंड्ससाठी होतं. नावात यॉर्कशर असलं तरी तो सुपर लीगचा संघ. यॉर्कशरच्या काउंटी विक्रमांत ती खेळी घालू नका.

२०२५ पासूनची नोंद करताना श्रेणी लिहायला विसरू नका: त्या वर्षी सरे पहिल्या श्रेणीत होतं, केंट दुसऱ्या.

राहिलं लिप्यंतर. 'शर' की 'शायर', वुस्टर की वॉर्सेस्टर, वॉरिक की वॉर्विक, हे पहिल्या दिवशी ठरवून वेगळ्या पानावर यादी करा. लेखाच्या अर्ध्यात वर्तनी बदलली तर शोधताना निम्म्या ओळी सापडत नाहीत, आणि एकाच संघाच्या दोन संघ म्हणून बेरजा होतात.