गावच्या पडद्यासाठी सिनेमा कसा निवडावा

चित्रपट चांगला आहे की वाईट, हे समीक्षकाने ठरवावे. गावात पडदा लावणाऱ्याला आधी एवढेच पाहावे लागते की, सतरंजीवर बसलेल्या माणसाला त्या चित्रपटात स्वतःहून करण्यासारखे काही आहे का. त्याला काही ओळखता आले पाहिजे, काही ताडता आले पाहिजे, एखाद्या पात्राशी मनातल्या मनात भांडता आले पाहिजे आणि शेजारणीला कोपर मारून "पाय बाई, आता फसते हा" असे सांगता आले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात काही वर्षे चित्रपट दाखविल्यानंतर मी निवडीची जी पद्धत बसविली आहे, ती येथे सांगतो. तिचा बराचसा भाग चुकांमधून आला आहे.

पहिल्या वर्षी मी शेतकरी आत्महत्येवरचा एक चित्रपट निवडला होता. विषय गावाचा, तेव्हा तो गावाला भिडेल, असा माझा सरळ हिशेब होता. मध्यंतराच्या आधीच पुढच्या बाजूच्या बायका एकेक करून उठल्या. चित्रपट प्रामाणिक होता. परंतु सावकाराचा तगादा, बँकेची नोटीस, घटनेनंतर चौकशीला येणाऱ्या गाड्या, हे सारे त्यात शहरातील प्रेक्षकाला समजावे अशा बेताने मांडलेले होते, आणि माझ्यासमोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरातच ते घडून गेलेले होते. तेव्हापासून कोणताही चित्रपट निवडताना मी आधी पाहतो की, तो कोणाला समजावून सांगतो आहे. आपल्या प्रेक्षकाला जे दिग्दर्शकापेक्षा अधिक ठाऊक आहे, तेच त्याला दोन तास शिकवीत बसणारा चित्रपट बाजूला ठेवावा.

याचा अर्थ ओळखीची गोष्ट नको, असा मात्र करू नये. प्रभात कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ सालचा 'संत तुकाराम' पाहण्यास आलेल्या प्रत्येकाला शेवटी विमान येणार हे माहीत होते, आणि तरीही तो मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला. मला त्याचे मर्म जिजाईत दिसते. पोरांच्या पोटात काय घालायचे हा तिचा प्रश्न आहे, ती नवऱ्यावर मनापासून चिडते, आणि पाहणाऱ्या बाईला एकाच वेळी तुकोबांचेही पटते आणि जिजाईचेही. ओळखीच्या गोष्टीत प्रेक्षकाला बाजू घ्यायला अशी जागा ठेवलेली असेल, तर ती गोष्ट चालते. आपल्याकडे गाडगेबाबांचे वऱ्हाडी बोलीतील कीर्तनही असेच समोरच्यांना प्रश्न विचारीत पुढे सरकत असे. श्रोता उत्तर देता देता स्वतःच त्यात गुंतून जाई.

निवडीची चाचणी घरीच घ्यावी. गावातील एक वयस्क बाई, एक कॉलेजात जाणारा मुलगा आणि दहा-बारा वर्षांचे एखादे पोर, अशा तिघांना चित्रपट दाखवावा आणि आपण पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे. वीस मिनिटे झाल्यावरही "हा कोण?" असे कोणी विचारत असेल, तर पात्रांची ओळख नीट झालेली नाही आणि उघड्या मैदानावरच्या गडबडीत ती होणारही नाही. मुलाचा हात खिशातल्या मोबाइलकडे कोणत्या प्रसंगी गेला, ते टिपून ठेवावे. मग अर्ध्यावर चित्रपट थांबवून "पुढे काय होईल?" असे विचारावे. तिघांनी तीन अंदाज सांगितले आणि त्यावरून वाद घातला, तर तो चित्रपट निःशंकपणे घ्यावा. तिघांचे उत्तर एकच आले, तर थोडा विचार करावा. आणि "काय माहीत" असे म्हणून तिघेही गप्प बसले, तर त्याला कितीही पुरस्कार मिळालेले असोत, तो त्या गावासाठी नाही. ही चाचणी एका संध्याकाळी होते आणि तिने मला जितक्या फजितींतून वाचविले आहे, तितके कोणत्याही परीक्षणाने वाचविलेले नाही.

तपशिलाबाबत ग्रामीण प्रेक्षक फार कडक असतो. नायक दहा जणांना लोळवतो, हे तो आनंदाने मान्य करतो. परंतु भर पावसाळ्यात कापसाची वेचणी दाखविली, डवरा या अवजाराला वखर म्हटले किंवा बंडीला जुंपलेले बैल कासरा हाती न धरताच हाकलेले दिसले, की मागच्या बाजूने हसू फुटते आणि पुढचा गंभीर प्रसंगही त्या हसण्यात वाहून जातो. अतिशयोक्ती हा खेळाचा भाग आहे, हे त्याला कळते. रोजच्या कामातली चूक मात्र त्याला अनादरासारखी लागते, आणि माझ्या मते त्याचे बरोबर आहे.

बोलीचेही तसेच आहे. मराठी पडद्यावर वऱ्हाडी बहुधा नोकराच्या, चोराच्या किंवा भोळसट माणसाच्या तोंडी घातली जाते. गावातील लोक पहिल्यांदा त्यावर खळखळून हसतात, कारण आपली बोली ऐकू आली याचाच त्यांना आनंद असतो. पाऊण तासानेही ती केवळ हसविण्यासाठीच येत राहिली, तर मात्र हसणे विरते. म्हणून त्या बोलीत कोणी रडते का, भांडते का, शहाणपणाचे काही बोलते का, हे आधी पाहून घ्यावे. पुणेरी मराठीपेक्षा साधी हिंदी आमच्याकडे अनेकदा सहज पोहोचते, हे ऐकायला कडू वाटले तरी खरे आहे. उपशीर्षकांवर मात्र विसंबू नये. म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत नाहीत आणि मागे बसलेल्यांना ती दिसत नाहीत.

दुःखाचा चित्रपट दाखवायचा असेल, तर पूर्व विदर्भातील झाडीपट्टीकडे पाहावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की वडसा येथील मंडळी गावोगाव नाटके घेऊन जातात, आणि हजारो माणसे थंडीत पहाटेपर्यंत जागची हलत नाहीत. त्या नाटकांत कौटुंबिक शोकाच्या शेजारीच विनोदी जोडी असते, गाणे असते, लावणी असते. शहरी पाहुण्यास हे विजोड वाटते. पण रात्रभर बसणाऱ्याला श्वास घ्यायला जागा लागते आणि ती मिळाल्यामुळेच पुढचे रडणे मनापासून येते. ज्या चित्रपटात पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत एकच सूर धरलेला आहे, तो मैदानापेक्षा बंद खोलीत, वीस-पंचवीस माणसांना दाखवावा.

आता वेळेचा हिशेब, कारण निम्मे प्रयोग येथेच फसतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणा-उत्सवांसाठी शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण आपला दिवस त्यात बसेलच असे नाही. डिसेंबरात अंधार लवकर पडतो हे खरे. तथापि बायका वेचणीहून येऊन, स्वयंपाक आणि जेवणे आटोपून बाहेर पडेपर्यंत आठ वाजतात. म्हणजे हातात दोन तास उरतात. तीन तासांचा चित्रपट साडेसहाला सुरू केला, तर समोर केवळ पुरुष आणि पोरे बसतात. त्यामुळे दोन तासांच्या आतला चित्रपट शोधावा, आणि सुरुवातीची दहा मिनिटे चुकली तरी समजेल असा तो असावा. सोयाबीन काढणीचे आणि हरभरा सोंगणीचे आठवडे टाळावेत, हे सांगायला नकोच.

आवाजाकडे चित्रापेक्षा अधिक लक्ष द्यावे. चित्र थोडे फिकट असले तरी लोक बसतात, संवाद कळला नाही की उठतात. अलीकडच्या चित्रपटांचा ध्वनी अनेकदा ५.१ प्रकारचा, म्हणजे सहा वाहिन्यांत विभागलेला असतो आणि त्यातले संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. लॅपटॉपला डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर जोडलेले असले आणि तो ध्वनी नीट एकत्र झाला नाही, तर संगीत दणदणते आणि माणसे मात्र कुजबुजल्यासारखी बोलतात. म्हणून प्लेअरमध्ये ध्वनी स्टीरिओवर ठेवून, मैदानाच्या अगदी शेवटी उभे राहून एक संवादाचा प्रसंग आधी ऐकून पाहावा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा थोडे उंच असावेत. कापडी पडद्यामागे काळे कापड लावल्यास मागच्या दिव्याचा उजेड आत येत नाही.

कायद्याचे दोन शब्द. सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखालील प्रमाणपत्र असावे लागते आणि हक्कधारकाची परवानगीही लागते. मोबाइलवर चित्रपट पाहण्यासाठी भरलेली वर्गणी घरी पाहण्यापुरती असते. हक्कधारकाला लेखी विनंती करावी आणि प्रयोग विनातिकीट असल्यास तसे त्यात स्पष्ट लिहावे.

चित्रपट संपल्यावर लगेच माइक हातात घेऊन "कसा वाटला?" असे विचारू नये, पाहुण्याचे मन राखण्यासाठी सगळे "चांगला वाटला" असेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर अर्धा तास बसावे. एखाद्या पात्राचे नाव गावातल्या कोणाला चिकटले का, एखादे वाक्य कोणी नकलेसह म्हणते का, नायिकेने केले ते बरोबर की चूक यावरून कोणी तावातावाने बोलते का, हे ऐकावे आणि वहीत लिहावे. त्यानंतर अर्ध्यातून उठून गेलेल्यांपैकी निदान दोघांना घरी जाऊन भेटावे. एकजण म्हणेल की, त्या म्हाताऱ्याला मुलाने घराबाहेर काढले तेव्हा पुढचे पाहवले नाही. दुसरा म्हणेल की, थ्री फेजची लाइन रात्री नऊला येणार होती आणि गव्हाला पाणी द्यायचे होते. पहिले उत्तर चित्रपटाच्या पानावर लिहावे आणि दुसरे पुढच्या तारखेच्या पानावर.