ऑइल पेस्टलवर तेल किती आणि कुठे लावावं

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या भातशेतातून दिसणारा राजहंसगड आणि मागे मावळतीचं आभाळ हे चित्र मी ऑइल पेस्टलने, म्हणजे मेणचट रंगीत कांड्यांनी, कितीदा तरी काढलंय. ते आभाळ नुसत्या बोटाने घासून गुळगुळीत होत नाही, तिथे तेल हवंच. पण 'ब्रश तेलात बुडवून फिरव' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्या सल्ल्याने माझी बरीच चित्रं वाया गेली आहेत.

तेल बेबी ऑइलच घ्या. ऑइल पेस्टलमध्ये रंगद्रव्याबरोबर मेण आणि न वाळणारं खनिज तेल असतं. बेबी ऑइलही मुख्यतः खनिज तेलच, त्यामुळे दोन्हींचं जमतं. स्वयंपाकघरातलं शेंगतेल काही महिन्यांत खवट होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे बेळगावात डिसेंबरच्या सकाळी बाटलीतून निघतच नाही. अळशीचं तेल अस्तर न दिलेल्या कागदाला पिवळं आणि ठिसूळ करतं. कागद जाड, २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम वजन) वरचा असू द्या.

आभाळात खालून वर पिवळा, नारिंगी, गुलाबी, जांभळा आणि निळा असे पट्टे भरा. रंग दाट हवा, कागदाचा पांढरा दाणा कुठेही दिसता कामा नये.

आता तेल, आणि सगळं बिघडतं ते इथेच. माझं एक चित्र रात्री सुरेख दिसत होतं. सकाळी पाहिलं तर गडाभोवती तेलकट कडं उमटलेलं, पुढे आठवडाभर ते पसरतच राहिलं. तेल रंगात न राहता कोऱ्या कागदात शिरलं होतं. ते परत काढता येत नाही. म्हणून बाटलीच्या टोपणात दोनच थेंब घ्या. कापसाची काडी त्यात टेकवा आणि लगेच टिश्यूवर दाबून पुसा. काडी जवळजवळ कोरडी वाटली पाहिजे. 'एवढ्याने काय होणार' असं वाटेल. होतं. लहान गोल फिरवत राहिलात की मेण मऊ होऊन रंग सरकू लागतो. हात हलका ठेवा.

रंगाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आतच थांबा, तेल स्वतःहून तेवढं पुढे जातं. फिकट रंगाकडून गडदाकडे जा, प्रत्येक रंगाला नवी काडी. पिवळा थेट निळ्याला भिडला तर आभाळ हिरवं होतं. मधला गुलाबी पट्टा त्यासाठीच आहे, तो अरुंद ठेवू नका. तेल जास्त झालंच तर घासू नका. टिश्यू ठेवून तळहाताने दाबा, मग त्याच रंगाची पेस्टलची कांडी वरून भरा, म्हणजे उरलेलं तेल ती शोषून घेते.

चित्र रात्रभर आडवं ठेवा. तेल ताजं असताना वरचा रंग घसरतो.

दुसऱ्या दिवशी गड आणि खालची शेतं काढा. खानापूरकडची तांबडी माती काढणार असाल तर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग वापरा. या भागात तेलाचा एक थेंबही नको, खरबरीतपणा हवा.

ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही. काच लावताना मधे माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला, म्हणजे काच रंगाला चिकटणार नाही, आणि फाइलमध्ये ठेवणार असाल तर वर बटर पेपर टाका.