जपानी बोलायचंय? मध्ये इंग्रजी आणू नका

घरी जपानी शिकताना वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं की शब्दांचा क्रम उलटतो आणि बोलताना जीभ अडते. सरळ मराठीतून जा; क्रियापद दोन्ही भाषांत शेवटीच येतं.

१. रोजचं वाक्य घ्या : ‘मी दाभोळमध्ये मासे खातो.’

२. शब्द जागच्या जागी बदला : ‘वाताशी वा दाभोळ दे साकाना ओ ताबेमास.’ ‘वाताशी’ म्हणजे मी, ‘वा’ वाक्य कोणाबद्दल ते दाखवतो; ‘मध्ये’च्या जागी ‘दे’. ‘ओ’ कर्माला लागतो, आपल्या ‘मासे’ला इथे काही लागत नाही, म्हणून तोच विसरतो. तेवढा घोकाच.

३. प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’. खाता का? ताबेमास का? हा ‘का’ तिकडेही ‘का’च आहे, हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला! ‘छान आहे ना’मधल्या ‘ना’सारखा ‘ने’ही आहे : ‘ई देसु ने.’

४. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसल्यावर दिसेल त्यावर एकेक वाक्य पुटपुटा. बोट ‘फुने’, समुद्र ‘उमि’, पाऊस ‘आमे’.

जपा ते स्वरांच्या लांबीला. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. वहीत लांब स्वर असा सुटा लिहा आणि फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका.